पाय ओले त्याचा हिस्सा

भैयाजींचा एक महिना माझ्या बोटानं खाल्ला. खरा नाही, खेळातला. पण त्यांना तो खऱ्यापेक्षा जास्त लागला आणि कूलरच्या घरघरीवर आवाज चढवून ते म्हणाले, "अबे प्रफुल, माझी टर्न होती ना! तू काऊन दाबून राह्यला?" मी बोटाकडे पाहिलं. ते एंटरवर तसंच टेकलेलं होतं. त्याची काही चूक नव्हती. माझी पाळी खेळून झाली की लगेच आणखी एकदा एंटर दाबायचं, ही त्याची पाच वर्षांची सवय. माझ्यानंतर सूरजची पाळी यायची. काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'सूरज, युअर टर्न' उमटायचं, आणि सूरज या जगात नसल्यामुळे त्याच्या वतीनं मी एंटर दाबायचो. म्हणजे, या महिन्यात त्याला काही विकायचं नाही, काही घ्यायचं नाही, पुढं चला. आज ते वाक्य आलंच नाही. सरळ 'भैयाजी, युअर टर्न' आलं. बोटाला वाचता येत नाही. त्यानं सवयीनं दाबलं आणि भैयाजींचा महिना गेला.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. आमच्याकडे ती मेल्यावरही गेली नव्हती, एवढंच. मूल गावच्या बाजारात राइस मिलसमोर माझी कॉम्प्युटर इन्स्टिट्यूट आहे, आणि भैयाजी त्या मिलचे मुनीम. दुपारी डबा खाऊन झाला की ते रस्ता ओलांडून येतात, जिना चढताना प्रत्येक पायरीला उन्हाला शिव्या देतात आणि कोपऱ्यातल्या जुन्या मशीनसमोर बसतात. क्लासची नवी मशीनं वेगळी. हे जुनं आता फक्त खेळापुरतं उरलंय. त्याचा पडदा तापला की त्यातून जळक्या धुळीचा वास येतो, तो वास आला की मला बरं वाटतं. त्या दुपारी मात्र एकदम चुकल्यासारखं झालं. जिना उतरताना शेवटची पायरी आहे असं वाटावं आणि पाय एकदम जमिनीलाच लागावा, तसं. मी खेळाडूंची यादी उघडली. चार जणांच्या ठिकाणी तीन नावं होती. प्रफुल, भैयाजी आणि मशीन स्वतःच्या वतीनं खेळतं तो सीपीयू. सूरज नव्हता. आमच्यात सगळ्यांत वर तोच होता. आम्ही घेत होतो, विकत होतो, घाबरत होतो, आणि ज्याला कोणी हातच लावत नव्हतं तो सूरज वर वर चढत होता. भैयाजी कुरकुरायचे, "मेलेला मानूस पुढं अन् आपन जिते मागं! असा कुठी बजार असते का?" मला त्यात कुठंतरी आनंद व्हायचा.

मशीन मी नागपूरहून जुनंच आणलं होतं, शहाण्णव साली. विकणाऱ्यानं आत हा खेळ तसाच राहू दिला होता. शेअर बाजाराचा खेळ. आठ-दहा कंपन्या, त्यांचे भाव, मधूनच एखादं युद्ध, एखादा दुष्काळ, कधी एका झटक्यात सगळंच कोसळायचं. एक पाळी म्हणजे एक महिना. त्याला शेवट नव्हता. आम्ही आधी शेवट शोधला, मग शोधणं सोडलं. मूलमध्ये तेव्हा शेअर घेतलेला माणूस मी तरी पाहिला नव्हता. धानाचा भाव सोडला तर भाव म्हणून आम्हाला दुसरं काही माहीत नव्हतं. सूरज माझ्याबरोबर कॉलेजात होता. चिचटोल्याचा, ढीवराच्या घरचा. तलावात जाळं टाकून सकाळी कॉलेजला यायचा तेव्हा त्याच्या बोटांना गारव्यानं सुरकुत्या पडलेल्या असायच्या. खेळातल्या कंपन्यांची इंग्रजी नावं त्याला आवडली नाहीत. नावं बदलायची सोय आहे हे त्यानंच शोधून काढलं. मग तेलाच्या कंपनीचं झालं मोहफूल अँड सन्स, पोलादाची झाली चिचटोला विळे-कोयते, आणि जहाजांची कंपनी झाली भामरागड शिपिंग. "तिथी पावसात मोटार चालत नाई, डोंगाच चालते," तो म्हणाला होता. "म्हंजे शिपिंगच झालं ना?" आम्ही खूप हसलो. भामरागड तोवर दोघांपैकी कोणीच पाहिलं नव्हतं. खेळात वर्षं भराभर जात. दोन हजार साल उलटलं, पन्नास उलटलं. आम्ही शंभरी ओलांडली तरी खेळात आम्हाला कोणी म्हातारं म्हणालं नाही. त्या खेळात मरणच नव्हतं. माणूस बाहेर जायचा एकच रस्ता होता, तो म्हणजे खात्यात काहीच न उरणं.

मग सूरजला मास्तरकी लागली ती नेमकी भामरागडला. जाण्याआधी त्याचं लग्न झालं होतं. रीतावहिनी चिचटोल्यातच सासऱ्यांजवळ राहिली, कारण तिकडं घर मिळेपर्यंत थांबू असं ठरलं. जायच्या दिवशी तो एसटी स्टँडवर जायच्या आधी वर आला, मशीनपाशी उभ्या उभ्या आपली पाळी खेळला आणि म्हणाला, "मी येईपर्यंत माझं काईच इकू नोको. नुस्ता एंटर मारत जा." मी म्हणालो, ठीक. तो दिवाळीला आला, खेळला. उन्हाळ्यात आला, खेळला. पुढच्या पावसाळ्यात त्याला ताप आला, तो ताप मेंदूत गेला, आणि त्याच दिवसांत पर्लकोटा नदीचं पाणी पुलावरून वाहत होतं. शाळेतल्या पोरांच्या बापांनी त्याला खाटेवर घालून नदीपर्यंत आणलं, असं नंतर कळलं. नदी उतरली नाही. आम्हाला पाणी ओसरल्यावर निरोप आला. या मधल्या दिवसांत मी रोज दुपारी त्याच्या नावानं एंटर दाबत होतो. तो नव्हता आणि मला माहीत नव्हतं. कोणता एंटर जिवंत सूरजचा होता आणि कोणता मेलेल्याचा, हे मला आजही सांगता येत नाही. कदाचित म्हणूनच मी थांबलो नाही. थांबायचं तर कुठं थांबायचं? तेरवी झाली त्या दुपारीही मी येऊन बसलो. मशीननं नेहमीच्या शांतपणे विचारलं, 'सूरज, युअर टर्न'. सगळं गाव त्याच्याबद्दल होता, होता असं बोलत होतं. हे एकटं होतं, जे त्याला समोरून हाक मारत होतं. मला रडू आलं. मग मी एंटर दाबला.

"कोनं केलं हे?" भैयाजींनी चष्मा कपाळावर सरकवला. त्यांच्या खात्यात एकाएकी भर पडली होती. माझ्याही, आणि अगदी तेवढीच. मला वाटलं, यांनीच केलं. त्यांनाही माझ्याबद्दल तेच वाटत असणार, कारण ते पडदा सोडून माझ्याकडेच बघत होते. मग मला सीपीयूचं खातं दिसलं. त्यालाही तेवढीच रक्कम मिळाली होती. दुसऱ्या खेळाडूला पैसे द्यायची सोय खेळात होती, आम्ही ती कधी वापरली नव्हती. पण मशीनला पैसे? भैयाजींनी मशीनला फुटकी कवडी दिली नसती. मीही दिली नसती. "मी केलं भाऊजी," मागून आवाज आला.

रीतावहिनी दाराशी उभी होती, हातात खडूनं पांढरं झालेलं फडकं. सूरज गेल्यानंतर दुसऱ्या वर्षी ती माझ्याकडे शिकायला आली, मग शिकवायलाच लागली. सकाळची मुलींची बॅच तिची. बोट धरून माउस शिकवते, चुकलं की आधी स्वतः हसते. चिचटोल्याहून सायकलनं येते. इतकी वर्षं ती याच खोलीत होती, आणि दुपारी कोपऱ्यातून तिच्या नवऱ्याचं नाव हिरव्या अक्षरांत उमटताना तिला दिसत असणार. ती आणि मी त्यावर कधी एक शब्द बोललो नव्हतो. मी खुर्ची फिरवली. माझा आवाज मला हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला. "काऊन वहिनी?"

ती आत आली, फडकं खिडकीत ठेवलं. "बाबांनं माझा पाट जुळवला. राजुऱ्याचा मानूस हाये, खानीत कामाले. त्याची बायको मेली, एक पोरगी हाये लहान." सासऱ्यांना ती बाबाच म्हणते. "तुमाले सांगाचंच होतं. उद्या तलावाची मोठी मासोळी धरनं हाये. उद्या मी त्याइचा ढीग मोडून राह्यली."

चिचटोल्याची ती रीत मला ऐकून माहीत होती. उन्हाळ्यात तलाव आटत आला की सगळी घरं एकदम पाण्यात उतरतात आणि निघालेल्या मासोळीचे काठावर सारखे ढीग घालतात, पाण्यात उतरलेल्या प्रत्येकाचा एक. घरातला माणूस गेला तरी त्याच्या नावाचा ढीग पडत राहतो. त्याची बायको नेते, शिजवते. तिनं दुसरं घर करायचं ठरवलं की शेवटच्या वेळी आपल्या हातानं तो ढीग मोडायचा आणि सगळ्यांच्या ढिगांवर सारखा वाटून टाकायचा. पुढच्या वर्षी ते नाव पुकारत नाहीत.

"तलावातला उद्या मोडीन," ती म्हणाली. "पन त्याइचा एक ढीग इथीही पडून होता ना. तो तसाच ठेवून मी कशी जाऊ?"

भैयाजींनी घसा खाकरला. "ते समजलं बाई. पन त्या सीपीयूले काऊन देल्लं? तो का मानूस हाये?"

"तोही रोज खेळते ना तुमच्यासंगं," रीतावहिनी साधेपणानं म्हणाली. "आमच्यात पाय ओले त्याचा हिस्सा. त्याले सोडता येत नाई." भैयाजी हसायला लागले आणि अर्ध्यात थांबले. मी हसलो नाही. ती मग निघता निघता वळली. "भाऊजी, एखांदी रिकामी फ्लॉपी असन त द्या. मी बनवलेले टायपिंगचे धडे नेईन म्हनते. राजुऱ्यात पोरी शिकवाले मिळाल्या त कामी येतीन." मी म्हणालो, रिकामी नाही. ते खोटं नव्हतं. डब्यातल्या निम्म्या फ्लॉप्यांना बुरशी आलेली, निम्म्या भरलेल्या. "उद्या या मग तलावावर," ती म्हणाली. "बाबांनं बलावलं हाये."

भरलेल्यांपैकी एका फ्लॉपीवर मागच्या आठवड्याचा खेळ होता. ती मी शर्टाच्या खिशात टाकली. घरी गेलो, जेवलो, बायको काय बोलत होती ते ऐकल्यासारखं केलं. मला राग आला होता. तो रीतावहिनीच्या लग्नाचा नव्हता. लग्न व्हावं असं मलाच वाटायचं, भर तारुण्यात एकटी राहिलेली बाई, तिला कोणीतरी आपलं माणूस हवंच. राग याचा होता की तिनं मला विचारलं नाही. पाच वर्षं त्याला मी चालवलं. तो मला सांगून गेला होता, काईच इकू नोको. शब्द मी दिला होता. तिला फक्त एक फ्लॉपी आत घातली की सगळं परत येईल हे माहीत नव्हतं, की माहीत होतं? तीही कॉम्प्युटरच शिकवते. फ्लॉपी सरकवायची, दोन कळा दाबायच्या, आणि सूरज परत सगळ्यांच्या वर. ती राजुऱ्याला जाईल, तलावातलं नाव जाईल, पण माझ्या खोलीतलं राहील. कोणाचं काय बिघडतं? मी खिशावर हात ठेवून पाहिला. चौकोनी, कडक, हलकी. अशा गोष्टीत एवढं काही मावतं यावर मुलींच्या बॅचचा पहिल्या दिवशी विश्वास बसत नाही.

सकाळी चिचटोल्याला गाडी लावली तेव्हा तलावाच्या बांधावर सगळं गाव होतं. पाणी मधोमध उरलेलं, बाकी काळा चिखल, आणि वाऱ्याला कमळाच्या कुजलेल्या देठांचा वास. मी इथं पूर्वीही आलोय, सूरज असताना. नेहमी काठावर उभा राहायचो, बुटांसकट. तो पाण्यातून ओरडायचा, "साहेब, या ना खाली!" आणि मी हात हलवायचो. आज मनसाराम काठाशी बसून जाळ्याची फाटकी बाजू बघत होते. सूरजचे वडील. माणूस वाळलेल्या शेंगेसारखा, पण डोळे अजून मासोळी कुठं हलली ते बघणारे. मी नमस्कार केला. ते म्हणाले, "आला का? चांगलं झालं. ओढाले एक जन कमी पडून राह्यला." मला वाटलं ते दुसऱ्या कोणाला म्हणतायत. मग जाळ्याचा दोर माझ्या पुढ्यात आला, त्याचं दुसरं टोक पाण्यात उभ्या माणसांकडे होतं, आणि सगळे माझ्याकडे बघत होते. बूट काढायला मला वेळ लागला. मोजे काढताना तर फारच लाज वाटली. फ्लॉपी खिशातून काढून बुटात ठेवली. चिखल आधी ऊन लागला, मग आत थंड. तो बोटांच्या फटीतून वर आला. किती वर्षांनी माझ्या पायांना काहीतरी कळलं असेल! दोर ओला होता आणि हात सोलवटत होता, पुढचा माणूस "हां, हां" म्हणत होता, आणि जाळ्याच्या पोटात पाणी उकळल्यासारखं व्हायला लागलं. सूरजच्या बोटांच्या सुरकुत्या मला आठवल्या. माझ्या बोटांवर त्या यायला लागल्या होत्या.

ढीग पडले. मरळ, कतला, मूठभर झिंगे, सगळ्यांत सारखं. मनसाराम एकेक नाव पुकारत आणि तो माणूस पुढं होई. "सूरज," ते म्हणाले. आवाज कापला नाही, फक्त जरा खाली गेला. रीतावहिनी पुढं आली. पदर खोचलेला, गुडघ्यापर्यंत चिखल. ती ढिगाशी बसली आणि दोन्ही हातांनी मासोळी उचलून एकेका ढिगावर टाकत गेली. रडत होती, ते लपवत नव्हती, आणि हात थांबवतही नव्हती. बायकांनी तिला धरलं नाही. हे काम तिचं होतं. जागा रिकामी झाली तेव्हा तिथं चिखलावर फक्त खवल्यांची चमक राहिली. मग मनसाराम म्हणाले, "प्रफुल." शेवटचा ढीग माझा होता, आणि त्यावरही रीतावहिनीनं टाकलेली एक मरळ अजून तोंड उघडत होती.

मला पुढं जाववेना. मी त्यांच्याजवळ जाऊन हळूच म्हणालो, "बाबा, हिस्सा परत टाकता येतो का? म्हणजे मोडलेला ढीग परत?" का विचारलं ते त्यांना कळलं असेल असं मला वाटत नाही. त्यांना खेळातलं काही ठाऊक नव्हतं. ते माझ्याकडे पाहत राहिले, पोरानं काही खुळ्यासारखं विचारावं तसं. "मासोळी परत पान्यात टाकल्यानं जिती होते का रे बावा? वाटली का शिजवा लागते. ठेवली त वास मारते." मग त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं आणि तोंडावर थोडंसं हसू आलं. "पोट्टा तुले किती साल बलावत होता. आज उतरला तू."

मग मला रडू आलं. काठावर बसून मी पुष्कळ रडलो, पाय चिखलात ठेवून, आणि कोणी काही म्हणालं नाही. शेजारी एक बाई मरळीचे पर कापत होती, तिनं कोयता थोडा पलीकडे सरकवला. सूरज मेला होता. हे मला पाच वर्षं माहीत होतं, आणि मी ते त्या काठावर पहिल्यांदा ऐकलं. मासे नेण्यासाठी माझ्याकडे काही नव्हतं. रीतावहिनीनं पळसाची पानं आणून त्यात बांधून दिले. मी बुटातून फ्लॉपी काढली, तिला म्हणालो, "दुपारी धडे घ्यायला या. रिकामी करून ठेवतो." तिनं फ्लॉपीवरची चिठ्ठी वाचली. त्यावर माझ्या अक्षरात 'खेळ' लिहिलेलं होतं. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं माहीत होतं. "करा," ती म्हणाली.

दुपारी इन्स्टिट्यूटमध्ये जिन्यापासून मासोळीचा वास येत होता. अर्धा हिस्सा मी भैयाजींना दिला होता आणि तो डबा त्यांनी खुर्चीखाली ठेवला होता. फ्लॉपी मशीनमध्ये सरकवली. ती आत कुरकुरत रिकामी होत होती तोवर मी डोळे मिटून बसलो. मग चिठ्ठी खरवडून काढली, तिथं 'रीता – धडे' लिहिलं आणि टेबलाच्या कडेला ठेवली. वहिनीची सायकल खाली लागल्याचा आवाज आला. मी खेळ उघडला. माझी पाळी होती. पाच वर्षांत पहिल्यांदा मी भाव नीट वाचले. सूरजचं म्हणून जे माझ्याकडे आलं होतं ते बाजूला ठेवून वास मारू द्यायचं नव्हतं, म्हणून मी खेळलो, मन लावून. वहिनीनं विकलेले सूरजचे भामरागड शिपिंगचे शेअर बाजारात सुटे पडलेले दिसले. ते मी घेतले नाहीत. सीपीयूच्या खात्यातही हिस्सा होता, त्याला हवे तर तो घेईल. एंटर दाबला. बोट सवयीनं पुन्हा वर उठलं, हवेत थांबलं. पडदा क्षणभर काळा राहिला. मला वाटलं, आता येईल. आलं नाही. हिरव्या अक्षरांत भैयाजींचं नाव उमटलं. मी हात मांडीवर घेतला आणि खुर्ची मागं सरकवून त्यांना जागा करून दिली.

"या भैयाजी," मी म्हणालो. "तुमची टर्न आहे."